माहेरची खोली गेली, वस्ती राहील का?

प्रश्न : माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. लग्नानंतर पुण्याला आले आणि आता कर्वेनगरला राहते. मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात असते. तिच्याकडे गेले असताना तिने मला ग्रीनवुड नावाचा कृष्णवर्णीयांचा जुना भाग दाखवला. तिथलं संग्रहालय बघून बाहेर पडलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, हे तुझ्या नायगावसारखंच आहे गं.’’ मला ते पटलं आणि पटलंही नाही. आता आमच्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत. म्हणून विचारते, ही तुलना बरोबर आहे का? आमच्या चाळी मुळात कुणी आणि कशासाठी बांधल्या? आणि अशा वस्त्यांचा पुनर्विकास झाला की तिथली जुनी माणसं तिथेच राहतात, की हळूहळू दिसेनाशी होतात? ताजा कलम : आफ्रिकेतून आलेल्या लोकांची वस्ती आपल्या महाराष्ट्रात कधी होती का, हा मुलीचा प्रश्न आहे. तोही घ्यावा.
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : ताई, मुलीला जे दिसलं त्यात तथ्य आहे आणि तुम्हाला जे खटकलं त्यातही. आधी टल्साचं बघू आणि मग नायगावला येऊ.

ओ. डब्ल्यू. गर्ली या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९०६ साली टल्सात जमीन घेतली आणि ती कृष्णवर्णीयांनाच विकायची असं ठरवलं. तिथून ग्रीनवुडची सुरुवात झाली. रेल्वेच्या रुळांपलीकडे गोऱ्यांचं शहर होतं. तिथे कामाला जाता येई, पण घर घेता येत नसे आणि दुकानात मानाने उभं राहता येत नसे. त्यामुळे कमावलेला पैसा ग्रीनवुडमध्येच खर्च होऊ लागला आणि त्यातून हॉटेलं, किराणा दुकानं, दवाखाने, चित्रपटगृह, वर्तमानपत्रं उभी राहिली. लोक त्या भागाला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणू लागले. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ही वस्ती जाळली. सुमारे ३५ ब्लॉक राख झाले आणि हजारावर घरं गेली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ३६ होता. इतिहासकारांचा अंदाज १०० ते ३०० असा आहे. विमा कंपन्यांनी नुकसानभरपाई नाकारली.

तरीही तिथल्या माणसांनी ग्रीनवुड पुन्हा उभं केलं, तेही स्वतःच्या हिमतीवर आणि काही वर्षांतच. १९२५ साली कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन टल्सात भरलं, यावरून त्यांची जिद्द कळते. पुढे १९६० आणि ७०च्या दशकांत सरकारने ‘नागरी नूतनीकरण’ या नावाखाली त्याच वस्तीतून महामार्ग काढला. आगीतून सावरलेली दुकानं आणि घरं भूसंपादनात गेली. तुम्ही पाहिलेलं संग्रहालय २०२१ साली, हत्याकांडाला शंभर वर्षं झाली तेव्हा उघडलं. तिथे आज इतिहास नीट मांडलेला आहे, पण तो ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी बहुतेकांची घरं तिथे उरलेली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला ती लागू पडते.

आता तुमच्या माहेराकडे येऊ. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईतल्या गिरण्या जोरात होत्या आणि कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते. भाडी भडकली होती आणि रोगराई होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली हे खातं निघालं. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर गाठीमागे एक रुपया जकात बसवली. म्हणजे ज्या कापसावर गिरणगाव जगत होतं, त्याच कापसातून कामगारांच्या घरांचा पैसा उभा राहिला. १९२१ ते १९२५ या काळात वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ इमारती झाल्या. त्यांत सुमारे साडेसोळा हजार खोल्या होत्या. बेत होता त्याच्या एक तृतीयांशावर काम थांबलं. याच खात्याच्या बॅकबे भरावातला गैरकारभार खुर्शीद नरिमन यांनी १९२६च्या सुमारास चव्हाट्यावर आणला. आजचं नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच आहे.

इमारतीचा आराखडा तुम्हाला वेगळा सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. तळमजला आणि वर तीन मजले. एका मजल्यावर २० खोल्या, मधून लांब काळोखी व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. लोखंड आणि सिमेंटच्या काँक्रीटचं बांधकाम त्या काळी नवं होतं, त्यामुळे इमारती मजबूत निघाल्या, पण राहण्याचा विचार त्यांत फार कमी होता. पहिली काही वर्षं तर कामगार तिथे यायला तयार नव्हते. पाणी आणि दिवे धड नव्हते. वरळी गिरण्यांपासून लांब पडे, आणि रात्रपाळी करून इतकं अंतर चालत कोण जाणार? खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. १९३०च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. आज ज्या भिंती पाडल्या जात आहेत, त्यांच्यामागे स्वातंत्र्यसैनिकांनी कैद भोगली आहे.

मग या चाळी भरल्या कशा? इथे तुमच्या मुलीची तुलना जवळ येते. कोकणातून, साताऱ्याहून, नगर-नाशिककडून मुंबईला आलेल्या अस्पृश्य समाजातल्या कुटुंबाला खासगी चाळीचा मालक खोली देत नसे. आडनाव विचारलं की बोलणं संपे. सरकारी आणि नगरपालिकेच्या चाळींत भाड्याची पावती मिळे आणि ती कुणी फाडून टाकू शकत नसे. म्हणून दलित कुटुंबं बीडीडीत, बीआयटी चाळींत, माटुंगा लेबर कॅम्पात मोठ्या संख्येने आली. बीआयटी म्हणजे प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी. परळच्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब १९१२ ते १९३४ अशी २२ वर्षं राहिलं. कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून परतलेला विद्वान तिथे राहत होता आणि चळवळीची कितीतरी कामं तिथूनच चालत होती.

कामाच्या जागीही भिंत होतीच. गिरणीतलं विणकाम खातं जास्त पगाराचं होतं, पण ते दलितांना बंद होतं. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्याला दलिताचं तोंड लागलं तर विटाळ होतो असं सवर्ण कामगार म्हणत. त्यामुळे दलित कामगार रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, कमी पगारावर अडकले. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला, मालकाशी भांडताना आपल्याच माणसावरचा हा अन्याय तुम्ही का सोसता? कृष्णवर्णीय कामगारांना अमेरिकेतल्या अनेक युनियनांनी असंच दाराबाहेर ठेवलं होतं. घर इथेच घ्यायचं, काम एवढंच करायचं, अशी बंधनं दोन्हीकडे होती. तुमच्या मुलीला साम्य दिसलं ते हे.

आता तुम्हाला काय खटकलं तेही सांगतो. ग्रीनवुडच्या माणसांकडे जमिनीचे कागद होते, धंदे होते, बऱ्याच जणांची घरं स्वतःची होती. बीडीडीतला माणूस सरकारचा भाडेकरू होता आणि त्याच्या हातात पावतीशिवाय काही नव्हतं. दुसरं असं की ग्रीनवुड सगळं कृष्णवर्णीयांचं होतं. बीडीडीत दलित होते, मराठा होते, कोकणातले इतर समाज होते, पोलिसांची कुटुंबं होती. एका चाळीत गणपती आणि शेजारच्या चाळीत चौदा एप्रिलची जयंती, एकाच नळावर दोन्हीकडच्या बायका, हे तुम्ही लहानपणी पाहिलेलंच असणार. ग्रीनवुडला बाहेरून जमाव आला. बीडीडीत जे झालं ते समोरच्या चाळीतून झालं, आणि म्हणूनच त्याची आठवण काढायला लोक आजही कचरतात.

ते म्हणजे १९७४ सालची दलित-सवर्ण दंगल. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी मुंबईत दलित पँथर स्थापन केली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, जी १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला सुरू झाली होती. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि दलितांवरच्या अत्याचारांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारचा निषेध म्हणून पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारी १९७४ला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात सभा झाली. सभेवर दगड आले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. चाळीचाळींतून दगड आणि सोड्याच्या बाटल्या सुरू झाल्या, आणि हे लोण नायगावात पसरलं. १० जानेवारीला निघालेल्या मोर्चावर परळला वरून दगडी पाटा पडला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. पुढे कितीतरी आठवडे हा भाग धुमसत होता. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग बसला. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. नायगावच्या कुठल्याही घरात त्या वर्षाबद्दल विचारा, वडीलधारी माणसं आधी गप्प होतात आणि मग बोलायला लागली की थांबत नाहीत.

पण वस्तीची ओळख दंगलीवरून ठरवू नये. माझ्या दृष्टीने नायगावची मोठी तारीख ३१ मे १९३६ आहे. दादर-नायगावच्या मंडपात मुंबई इलाखा महार परिषद भरली होती आणि बाबासाहेबांनी धर्मांतराची भूमिका तिथे सविस्तर मांडली. ‘मुक्ती कोन पथे?’ हे ते भाषण. वीस वर्षांनी, १९५६ साली, नागपूरला जे धर्मांतर घडलं त्याचा पाया त्या मंडपात घातला गेला. वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना मोठ्या वयात अक्षरं शिकले, आणि मग त्यांची हजारो गाणी महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत पोचली. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसं राहिली तरी पोरांना अभ्यासाला जिन्यातला दिवा मिळाला, व्यायामशाळा मिळाली, विहार मिळाला, लेझमाचं पथक मिळालं. चाळकमिटीने वर्गणी काढून उभं केलेलं हे सगळं सरकारी आराखड्यात कुठेच नव्हतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीने साहित्य आणि संगीत दिलं ते अशाच दाटीवाटीतून. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ हार्लेमला अगदी लागून आहे.

पुण्याचाही या धाग्यात मोठा वाटा आहे. गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याआधी १८६८ साली त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. टल्सात ग्रीनवुड वसण्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी पुण्यातला एक माळी समाजातला माणूस दोन्हीकडच्या गुलामीची नाळ एकच आहे हे ओळखून होता. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांची स्थिती किती सारखी आहे ते सांगितलं. ड्यु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठवलं. तेव्हा तुमच्या मुलीची तुलना नवी नाही. ती आपल्याकडच्या सगळ्यात जाणत्या माणसांनी फार पूर्वी केलेली आहे.

राहिला पुनर्विकास. गिरणगावाचं काय झालं ते आधी आठवा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्याच बंद पडत गेल्या. जमिनी विकल्या गेल्या आणि फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. कामगारांची मुलं डोंबिवली, नालासोपारा, विरारला गेली. ज्या वस्तीने शहराला श्रीमंत केलं ती वस्ती शहराबाहेर ढकलली गेली. हार्लेममध्येही हेच घडलं. रस्ते सुधारले, दुकानं चकचकीत झाली, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू निघून गेले. याला पुनरुज्जीवन म्हणायला मी तयार नाही. माणसं बदलून जागा सुधारली, एवढंच त्याचं वर्णन होतं.

या मापाने पाहिलं तर बीडीडीची योजना पुष्कळ बरी आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. काम म्हाडाकडे आहे. बिल्डर जमिनीचा मालक नाही, तो निविदा भरून आलेला कंत्राटदार आहे. जुन्या रहिवाशाला त्याच आवारात ५०० चौरस फुटांचं घर मोफत आणि मालकी हक्काने मिळतं. खर्च भरून काढायला म्हाडा उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती बांधणार आहे. एप्रिल २०१७मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं. मग पात्र-अपात्रतेचे वाद, करारनामे, संक्रमण शिबिरं आणि कोविड यांत बरीच वर्षं गेली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं पावतीवर राहिलेल्या घराण्याच्या नावावर मुंबईच्या मध्यावर घर झालं. ग्रीनवुडच्या लोकांना सरकारने असं काही दिलं नाही. शिवडीच्या १२ चाळी मात्र पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर असल्याने या योजनेतून बाहेर राहिल्या. त्यांचा निकाल लवकर लागला पाहिजे. वामनदादांची चाळ शेवटी राहावी हे बरं नव्हे.

माणसं टिकतील का, याचं उत्तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिळेल आणि ते तीन गोष्टींवर ठरेल. पहिली देखभाल. चाळीला लिफ्ट नव्हती, पंप नव्हता, आगीची यंत्रणा नव्हती. ४० मजल्यांना हे सगळं लागतं आणि त्याचा महिन्याचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला झेपेल असा नसतो. सुरुवातीची काही वर्षं म्हाडा हा भार उचलणार आहे. त्यानंतर काय करायचं, हे सोसायट्यांनी आजच ठरवायला हवं. सोसायटीच्या नावाने ठेव बाजूला काढली तर म्हातारी माणसं घरात राहतील. नाहीतर एक-एक घर विकलं जाईल आणि कुणी हाकललं असंही म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट घरातल्या वाटण्यांची. १६० चौरस फुटांच्या खोलीसाठी भावाभावांत भांडण नव्हतं, कारण विकायला काही नव्हतं. आता त्या घराची किंमत कोटींत आहे आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींचं नावही कागदावर यायला हवं. ताई, तुमचंही. ते मागायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हरांडा गेला की बंद दारांची लॉबी येते. विहार, जयंती मंडळाची खोली, व्यायामशाळा, वाचनालय, गणपतीचा मांडव यांना नव्या आवारात कायमची, कागदोपत्री जागा मिळाली तरच वस्ती राहील. मार्च २०२२मध्ये या वसाहतींना नवी नावं जाहीर झाली. वरळीला बाळासाहेब ठाकरे नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर, नायगावला शरद पवार नगर. नेत्यांबद्दल आदर असू द्या. पण या चाळींच्या पोटातून आलेलं, गिरणी कामगारांचं किंवा शाहिरांचं एकही नाव त्यांत नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. निदान इमारतींना, सभागृहांना ती नावं द्यायला अजून वेळ आहे.

आता मुलीचा प्रश्न. आफ्रिकेतून आलेले लोक महाराष्ट्रात होतेच, आणि त्यांतले काही राज्यकर्ते झाले. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१०च्या सुमारास खडकी हे शहर वसवलं, तिथे नहर-ए-अंबरी नावाची भूमिगत पाणीयोजना बांधली आणि जमीन महसुलाची घडी बसवली. १६२६ साली तो वारला. ती खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचेच. त्यांचं संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. मराठी माणसाला सिद्दी आठवतो तो शत्रू म्हणून, पण त्यातल्या साध्या खलाशांचा आणि सैनिकांचा इतिहास आपण फारसा शिकवत नाही. मुलीला सांगा, अमेरिकेत ज्यांना गुलाम म्हणून नेलं त्यांच्याच खंडातल्या एका माणसाने आपल्याकडे शहर वसवलं.

तुम्ही आता कर्वेनगरच्या, म्हणून शेवटी थोडं तुमच्या आजच्या पत्त्याबद्दल. तुमचा भाग म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांनी शिकायचं ही कल्पनाच पुण्यातल्या पेठांना सहन होत नव्हती. कर्व्यांनी स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला होता आणि त्याची शिक्षाही ते भोगत होते. गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. कर्वे तिथून रोज फर्ग्युसनला गणित शिकवायला चालत जात. १९१६ साली याच माळरानावर महिला विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे तुमचं कर्वेनगरसुद्धा शहराने नाकारलेल्या माणसांनीच वसवलेलं आहे. पण सुरुवातीला आश्रमाचं दार ब्राह्मण विधवांपुरतंच उघडं होतं, हेही त्याच इतिहासात लिहून ठेवलं पाहिजे. उपेक्षितांच्या घरालाही जातीची चौकट होती. त्याच कर्व्यांनी १९४४ साली, ऐंशी पार केल्यावर, समता संघ काढला. १९२९ साली पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तोही तुमच्या घरापासून फार लांब नाही.

आज कर्वेनगर-कोथरूडच्या चार मजली सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सभांत चर्चा होते ती जादा चटईक्षेत्राची आणि पार्किंगची. तुमच्याच भागातल्या वडार वस्तीबद्दल त्या सभांत कुणी बोलत नाही. दगड फोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या वस्तीचा इतिहास कुठे लिहिलेला आहे? संग्रहालय काढायला टल्साला शंभर वर्षं लागली. तोवर आग पाहिलेले जवळजवळ सगळे गेले होते.

तेव्हा ताई, नायगावच्या घराची चावी हातात पडायच्या आधी एक काम करा. माहेरची भाड्याची जुनी पावती, चाळीचे फोटो, जयंती मंडळाची पत्रकं, वर्गणीची वही, जे हाती लागेल ते गोळा करा. १९७४ पाहिलेले काका-मामा असतील तर त्यांना मोबाइलवर बोलतं करा, त्यांची इच्छा असेल तेवढंच. मुलीलाही यात घ्या. आणि कर्वेनगरच्या इतर वाचकांना विनंती, हिंगण्याच्या जुन्या गावठाणाबद्दल, आश्रमात कामाला असलेल्या कुटुंबांबद्दल, वडार वस्तीबद्दल ज्यांच्याकडे घरातल्या आठवणी किंवा कागद असतील, त्यांनी ते या सदराकडे जरूर पाठवावेत.